मुलगी बॉस्टनला आहे

“माझी मुलगी बॉस्टनला आहे. बॉस्टनला! किती वेळा सांगायचं तुम्हाला?”

वहिनींचा आवाज असा चढला की आमच्या पोलीस स्टेशनातलं कॉफीचं मशीन, जे माझ्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत लाथ घातल्याशिवाय कधी बंद झालं नव्हतं, ते आपणहून बंद पडलं. बाहेर काउंटरवर पार्किंगच्या तिकिटावरून भांडायला आलेला एक म्हातारा न भांडता परत गेला. मुलाखतीच्या खोलीत टेबलाच्या एका बाजूला मी होतो. समोर वहिनी आणि त्यांच्या शेजारी नाना, दोन्ही हात मांडीवर ठेवून, शाळेत हेडमास्तरांनी बोलावून घेतलेल्या पालकासारखे.

“मंडळाच्या पार्किंगच्या परवानगीवर सही पाहिजे म्हणून बोलावलंत ना? मग कागद द्या, सही करतो, जातो. माझ्या मुलीचं काय मधेच?”

“वहिनी, जरा बसा. चहा मागवू का?”

“चहा नको मला.”

पोलीस खात्यात माणूस हजार गोष्टी विसरतो. विसरला नाही तर झोपू शकत नाही. पण त्या गुरुवारची ती सकाळ, नऊ वाजून पस्तीस मिनिटांची, माझ्यापाशी जशीच्या तशी राहिली आहे.

पुढे जाण्याआधी एक खुलासा. नाना हे त्यांचं नाव नव्हे. हे लिहायला त्यांची आणि वहिनींची परवानगी आहे आणि लिहून झाल्यावर मी पहिल्यांदा त्यांनाच वाचायला दिलं. नानांनी लाल पेनाने एकच वाक्य खोडलं. ते कुठलं, ते जागेवर आलं की सांगेन. कॉफीच्या मशीनचं मात्र त्यांनी तसंच ठेवलं. ते मशीन त्याच दिवशी बंद पडलं का, हे आता मलाही नक्की सांगता येत नाही.

माझ्याबद्दल सांगायचं तर मी तेराव्या वर्षी मिरजेहून अमेरिकेत आलो. आईवडिलांनी डॉक्टर करायला आणलं होतं, झालो पोलीस. पहिली तीन वर्षं आमची आई पुण्याच्या नातेवाइकांना ‘तो सरकारी खात्यात आहे’ एवढंच सांगायची. श्रूजबरीच्या पलीकडच्या एका गावात शिपायापासून डिटेक्टिव्ह सार्जंटपर्यंत चढलो आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. आमच्या भागातल्या मराठी मंडळात पोलिसातला मराठी माणूस मी एकटाच. त्यामुळे गणपती असो, दिवाळी असो, नाटकाचं मध्यंतर असो, लोक बटाटेवड्याची प्लेट हातात घेऊन माझ्याभोवती जमायचे. “काका, एखादी केस सांगा ना.” मग काका सुटायचे.

माझी सगळ्यात गाजलेली केस अस्वलाची. खरी हकीकत अशी की एका घराच्या गॅरेजमध्ये काळं अस्वल शिरलं होतं. मी काचा वर करून पेट्रोल कारमध्ये बसून राहिलो आणि वन्यप्राणी खात्याची माणसं येऊन त्याला हुसकावून गेली. मंडळात सांगितलेल्या हकिकतीत मी त्या अस्वलाला बेड्या घातल्या होत्या. एका दिवाळीत अस्वल दोनशे किलोचं होतं, पुढच्या दिवाळीत साडेचारशे. कुठे त्याने चकल्या खाल्ल्या होत्या, कुठे श्रीखंडाचा डबा. ऐकणारं घर बघून मी माल बदलायचो. डॉक्टर मंडळी बसली असतील तर अस्वलाला मधुमेह असायचा, सॉफ्टवेअरवाले असतील तर त्याच्या व्हिसाची मुदत संपलेली असायची. एकच आवृत्ती मी दोन घरांत सहसा वापरली नाही. हे सांगून ठेवतो, कारण पुढे हेच कामाला आलं.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण नंतर सांगायला जड जाईल. ही केस घडली त्याच्या दोन वर्षं आधी, जादा ड्यूटीवर असताना मी वेगात जाणारी एक गाडी थांबवली. आत आमच्या मंडळातल्याच एका कुटुंबाचा बावीस वर्षांचा मुलगा, मागच्या सीटवर पिझ्झाचे डबे. आईवडील सगळ्यांना सांगत होते की तो स्टेट कॉलेजला इंजिनिअरिंग करतोय. मुलगा म्हणाला, “काका, घरी माहितीये. They know. फक्त मंडळात नको, यार, प्लीज.” मी त्याला ताकीद देऊन सोडला. पुढच्या शनिवारी मंडळात मी ‘पिझ्झाचा परीघ काढणारा इंजिनिअर’ ही नवी केस सांगितली. लोक हसून हसून खुर्चीवरून घसरले. नाना पहिल्या रांगेत होते, तेही हसले. मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं. ते कुटुंब त्यानंतर मंडळात दिसलं नाही, आणि वर्षभरात देशाच्या दुसऱ्या टोकाला, रेडमंडला गेलं. चांगली नोकरी मिळाली असणार, असं मी स्वतःला सांगितलं.

आता केस.

त्या गुरुवारच्या आदल्या आठवड्याच्या शेवटी कॅरिबियनमधल्या एका बेटावरून चक्रीवादळ गेलं होतं. टीव्हीवर दाखवत होते. उडालेली छपरं, आडवे झालेले माड आणि डोंगरावरून घसरून घरांच्या खिडक्यांपर्यंत आलेला लाल चिखल. आम्ही ड्यूटी रूममध्ये सँडविच खात बघत होतो, जसं दुसऱ्यांचं संकट सगळेच बघतात.

सोमवारी सकाळी डिस्पॅचर हसत हसत माझ्या टेबलाशी आली. “सार्जंट, त्या बेटावरून फोन आहे. बाई विचारतेय, तुमच्याकडे अस्वलाला अटक केलेला इंडियन पोलीस आहे का?”

मी छाती काढून फोन घेतला. माझी कीर्ती समुद्रापार गेली, असंच पहिल्यांदा डोक्यात आलं. खोटं कशाला सांगू.

बाई हळू बोलत होत्या. बंदरावर एकच टॉवर सुरू झाला होता, मागे रांग होती, प्रत्येकाला पाच मिनिटं. त्या टॉवरवरून बाहेर फोन लागत होते, आत येत नव्हते. डोंगरावर त्यांचं घर होतं आणि खालच्या खोल्या त्या मेडिकलच्या विद्यार्थिनींना भाड्याने द्यायच्या. वादळाच्या रात्री कॉलेजने सगळ्या विद्यार्थ्यांना काँक्रीटच्या सभागृहात हलवलं. बाई स्वतः बहिणीकडे खाली अडकल्या होत्या. त्यांची म्हातारी आई घर सोडायला तयार नव्हती. पहाटे पाऊस थोडा थांबला तेव्हा त्यांच्याकडे राहणारी एक मुलगी सभागृहातून निघून डोंगर चढून वर गेली. म्हातारीला सकाळचं इन्सुलिन तीच द्यायची. दोघी आत असताना घरामागची दरड खाली आली.

“माझ्या आईला मी ओळखलं,” त्या म्हणाल्या. “मुलीला मी ओळखते, पण तिचं नाव मला माहीत नाही. दोन महिन्यांपूर्वीच आली. खोली दुसरीच्या नावावर आहे, ती वादळाआधी विमानाने गेली. मी सगळ्या मुलींना ‘डॉक’च म्हणते, त्यांना आवडतं. कागद, फोन सगळं चिखलात आहे. कॉलेज म्हणतं आमच्या यादीत सगळे सुखरूप आहेत, कारण सभागृहात शिरताना तिने सही केली होती.”

“मग मला कसा फोन केलात?”

“ती तुमच्या गावाचं नाव सांगायची. म्हणायची, आमच्या गावात एक पोलीस आहे, आमची भाषा बोलतो, आणि अस्वलाबद्दल इतकं सुंदर खोटं बोलतो.”

मग बाईंनी मुख्य गोष्ट सांगितली. बेटावर वीज नव्हती. ज्यांची ओळख पटली नाही त्यांना गुरुवारी सकाळी दहा वाजता क्रिकेटच्या मैदानाच्या कडेला पुरणार होते. नाव नाही, फक्त क्रमांक. पण तिथल्या अधिकाऱ्याशी त्या बोलल्या होत्या. गुरुवारच्या आत एखाद्या नातेवाइकाने फोनवर हक्क सांगितला, तर त्या एका देहाला कोळ्यांच्या बर्फाच्या गोदामात ठेवायला तो तयार होता. पोलीस चालणार नाही, नातेवाईकच पाहिजे. त्या अधिकाऱ्याच्या सॅटेलाइट फोनचा नंबर त्यांनी मला दोनदा वाचून दाखवला.

“तिचे आईवडील शोधा,” त्या म्हणाल्या. “तिच्या आईला तिचं तोंड बघता आलं पाहिजे.” पाच मिनिटं संपली.

आमच्या खात्यात मृत्यूची बातमी देण्याचे नियम आहेत. फोनवर सांगायची नाही, घरी जायचं. एकट्याने जायचं नाही, दोघांनी जायचं. बसायला सांगायचं आणि पहिल्या मिनिटाच्या आत, सरळ शब्दांत, मृत्यू हा शब्द उच्चारून सांगायचं. आडवळण घ्यायचं नाही. हे नियम मी स्वतः नव्या भरतीला अकरा वर्षं शिकवले. फळ्यावर लिहून द्यायचो. पोरं वहीत उतरवून घ्यायची.

आणि तरी त्या सोमवारी मी काय केलं? मंडळाची यादी काढली. त्या वयाची मुलगी असलेली पाच घरं निघाली. पाचही घरी गाडी घेऊन जायला एक संध्याकाळ पुरली असती. मी फोन केले. कारण आपल्यात असं तोंडावर सांगत नाहीत. आपल्याकडे माणूस गेलेला असतो, तरी ‘जरा सीरियस आहे, निघून या’ म्हणतात. स्टेशनवर उतरवून घ्यायला आलेला चुलत भाऊ वाटेत चहा पाजतो आणि मग सांगतो. मला वाटलं, आपल्या माणसांशी आपल्या पद्धतीने वागावं. खरं म्हणजे मला वाटलं, मी फार हुशार आहे.

“काय नाना, सहज फोन केला. आपल्या मुलांची एक यादी करतोय मंडळासाठी, कोण कुठे शिकतंय. आपली कन्या कुठे असते सध्या?”

“बॉस्टनला,” नाना म्हणाले. “मेडिकलला आहे ना. परवाच बोललो. अभ्यासात आहे, पुढच्या आठवड्यात परीक्षा.”

“छान, छान. मग दिवाळीला येणार ना?”

“बघू. सुट्टी मिळाली तर.”

तपासाच्या धंद्यातलं एक निरीक्षण सांगतो. सहज विचारलेल्या प्रश्नाला खरा माणूस एका शब्दात उत्तर देतो. न विचारता परवाचा फोन, अभ्यास आणि परीक्षा सांगतो तो काहीतरी झाकत असतो. एखादा गाड्या फोडणारा असं बोलला असता तर मी त्याला तिथेच धरला असता. नानांचं ते उत्तर माझ्या कानाला खटकलं. खटकलं, आणि मी यादीत त्यांच्या नावापुढे बरोबरची खूण केली. कारण नाना म्हणजे आपला माणूस, वीस वर्षं मंडळाचा खजिनदार, खोटं कशाला बोलेल. उरलेल्या चार घरांतल्या मुली न्यू जर्सीत, शिकागोत, आणि दोघी चक्क घरी सोफ्यावर निघाल्या. मी समजलो, मुलगी आपल्या मंडळातली नसणार. मंगळवारचा पूर्ण दिवस मी शेजारच्या गावांच्या पोलिसांना आणि तेलुगू, गुजराती मंडळांना फोन करण्यात घालवला. पोलीस ‘आमची भाषा बोलतो’, म्हणजे मराठी, हे तिने बाईंना सांगितलं होतं, आणि मी तेलुगू मंडळाला फोन लावत होतो. असा हा डिटेक्टिव्ह.

आता अमेरिकेतल्या वाचकांना सांगायला नको, पण तिकडच्यांसाठी सांगतो. इथे मेडिकलला प्रवेश मिळणं महाकठीण. ज्यांना मिळत नाही त्यातली काही मुलं कॅरिबियन बेटांवरच्या कॉलेजांत जातात, शिकतात, परत येऊन परीक्षा देतात आणि व्यवस्थित डॉक्टर होतात. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन केलेला डॉक्टर तसाच शिकलेला आहे आणि मी त्याच्याच कृपेने चालतो. पण आपल्या मंडळात ‘बेटावर’ हा शब्द खालच्या आवाजात म्हणतात. आणि खालच्या आवाजातला शब्द वरच्या पट्टीत कोण नेत होतं, ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

बुधवारी दुपारी तीन वाजता बाईंचा पुन्हा फोन आला. डोंगर उतरून बंदरापर्यंत दोन तास चालत आल्या होत्या. “सापडले का तिचे लोक?”

“नाही अजून,” मी म्हणालो. मग अखेर जो प्रश्न सोमवारीच विचारायला हवा होता तो विचारला. “ती अस्वलाची गोष्ट तिने तुम्हाला कशी सांगितली? आठवेल तेवढी सांगा.”

बाई थोडं हसल्या. “तुम्ही अस्वलाला बेड्या घातल्या. ते श्रीखंड नावाचं काहीतरी खात होतं. मग अटक करताना वाचतात तसे तुम्ही त्याला त्याचे हक्क वाचून दाखवले, तुमच्या भाषेत, आणि ते रडायला लागलं.”

मी मंडळाची यादी पुन्हा पुढ्यात ओढली.

हक्क वाचल्याची आवृत्ती मी जन्मात एकदाच सांगितली होती. नानांच्या स्वयंपाकघरात, गौरीच्या जेवणाला. आणि ती माझी नव्हतीच. मी अस्वलाला बेड्या घालून थांबलो होतो, तेव्हा नानांची मुलगी भांडी पुसता पुसता म्हणाली होती, “काका, पण त्याला राइट्स वाचले का? नाहीतर केस कोर्टात उडेल.” मी म्हणालो, “वाचले की. मराठीत वाचले.” ती म्हणाली, “म्हणूनच रडलं असेल बिचारं.” तिला स्वतःलाच इतकं हसू आलं की तिने फडकं तोंडावर धरलं. तो तिचा टोला होता. माझ्यापेक्षा वरचढ होता, म्हणून मी पुन्हा कधी वापरला नाही.

बुधवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी मला सगळं माहीत होतं. मुलगी कोण, घर कुठलं. आणि दुसऱ्या दिवशी दहापर्यंत मुदत होती. नानांचं घर स्टेशनपासून गाडीने आठ मिनिटांवर.

मी गेलो नाही. पाच वाजता वहिनी कामावरून येतात, तेव्हा जाऊ म्हटलं. सहाला फोन लावला. नानांनी उचलला. मागे कुकरची शिट्टी झाली, आणि वहिनी कुणाला तरी भात थोडा जास्त लावल्याचं सांगत होत्या. आपल्यात ताटावर बसलेल्या माणसाला वाईट बातमी देत नाहीत. रात्रीही देत नाहीत. म्हणतात, एक रात्र तरी झोपू द्या. मी स्वतःला म्हणालो, नऊला बोलावू, साडेनऊपर्यंत सांगू, दहाच्या आत त्या अधिकाऱ्याला फोन लावू. पुष्कळ वेळ आहे.

“जेवायला बसताय का? बसा, बसा. उद्या सकाळी दोघेही स्टेशनवर येऊन जा. मंडळाच्या कार्यक्रमाच्या पार्किंगची परवानगी आहे, सही लागेल.”

“दोघांची?”

“हो, यंदा दोघांची लागते.”

सव्वीस वर्षांत मी चोरांना, दारुड्यांना, बायका बडवणाऱ्यांना थापा मारून स्टेशनवर आणलं आहे. तो आमच्या कामाचा भाग असतो. ज्यांची मुलगी मेली आहे अशा आईवडिलांना थाप मारून आणण्याची वेळ ही एकच.

ते नऊ पंचवीसला आले. नाना इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. मी अकरा वर्षं शिकवलेलं सगळं विसरून पुन्हा आडून सुरुवात केली. नाना, कन्येचं कॉलेज नेमकं कुठलं, हॉस्टेल की भाड्याची खोली, शेवटचं बोलणं कधी झालं. मला वाटत होतं, ते स्वतः ‘बेट’ म्हणतील आणि मग मला सोपं जाईल. मला सोपं. प्रत्येक प्रश्नावर नानांचा चेहरा आणखी बंद होत गेला, आणि वहिनी ओरडायला लागल्या. ते तुम्ही सुरुवातीला वाचलंच.

तेवढ्यात दार उघडून आमची लेफ्टनंट आत आली. आयरिश घराण्यातली बाई, वयाने मला वीस वर्षांनी लहान, माझ्याच वर्गात ते नियम शिकलेली. सकाळीच मी तिला केस सांगून ठेवली होती. तिने एकदा वहिनींकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

“तू सांगितलंस यांना?” तिने इंग्रजीत विचारलं.

“सांगतोच आहे.”

तिने खुर्ची ओढली, वहिनींच्या समोर गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ बसली आणि म्हणाली, “मॅडम, सर, मला वाईट बातमी द्यायची आहे. बेटावर दरड कोसळून एक तरुणी मरण पावली आहे. ती तुमची मुलगी आहे असं आम्हाला वाटतं. तिचा देह सापडला आहे. तो परत मिळवायला तुमची मदत लागेल, आत्ताच.”

पाच वाक्यं. मला तीन दिवस लागले होते.

वहिनी ओरडायच्या थांबल्या. पुढचं वाक्य मी पहिल्या खर्ड्यात असं लिहिलं होतं: ‘नाना टेबलावर डोकं टेकून ढसाढसा रडले.’ तेच नानांनी लाल पेनाने खोडलं आणि समासात लिहिलं, ‘मी रडलो नाही. मी दातांच्या डॉक्टरचं नाव सांगितलं.’ ते बरोबर आहे. त्यांनी मुलीचं पूर्ण नाव सांगितलं, कागदावर होतं तसं. जन्मतारीख सांगितली, बेटावरच्या कॉलेजचं नाव सांगितलं, मग दातांच्या डॉक्टरचं नाव आणि फोन नंबर पाठ म्हणून दाखवला. एकही प्रश्न विचारावा लागला नाही. बॉस्टन हा शब्द त्या खोलीत पुन्हा कुणी काढला नाही.

लेफ्टनंटने तिथूनच त्या अधिकाऱ्याचा सॅटेलाइट नंबर लावला. दहाला बारा मिनिटं होती. तीन वेळा कट झाला, चौथ्यांदा तो अधिकारी मिळाला. तिने मुलीचं नाव सांगितलं, आईवडील शेजारीच बसलेत हेही सांगितलं. पलीकडून तो बराच वेळ बोलला. ती ऐकत राहिली आणि तिने डोळे मिटून घेतले, तेव्हा मला कळलं. पुन्हा पावसाचा इशारा होता म्हणून त्यांनी दहाची वाट बघितली नव्हती. सकाळी सातला सुरुवात करून आठपर्यंत सगळं उरकलं होतं.

बुधवारी सहाला, कुकरची शिट्टी ऐकून मी फोन ठेवला नसता तर मध्ये तेरा तास होते.

दुपारी बाईंचा फोन आला. मी सांगितलं, आईवडील सापडले, पण उशिरा. त्या म्हणाल्या, “मी तिथे उभी होते. सगळे क्रमांक सारखेच दिसतात, म्हणून तिच्या क्रमांकाच्या खुंटीला मी होडीची निळी दोरी बांधली आहे. त्यांना सांगा, निळी दोरी बघा.”

नाना आणि वहिनी पुढच्या महिन्यात तिकडे गेले. निळी दोरी होती. दातांच्या एक्स-रेवरून ओळख पटायला, परवानग्या मिळायला आणि देह बाहेर काढायला सहा महिने लागले. तोपर्यंत आईने बघावं असं काही उरलं नव्हतं. वहिनी रक्षा घेऊन परत आल्या.

त्यांच्याकडून नंतर कळलं, वादळाच्या रात्री मुलीचा मेसेज आला होता. ‘सभागृहात आहोत, सेफ आहे, आता नेटवर्क जाईल.’ त्यावर ते निर्धास्त होते. आणि सोमवारचा माझा फोन ठेवल्यावर दोघांनी काय केलं, तेही वहिनींनीच सांगितलं. “आम्ही देवापुढे दिवा लावला. तुम्हाला कळलं नाही म्हणून.”

निवृत्तीच्या समारंभात माझ्या सत्काराची भाषणं झाली, त्यात अस्वलाचा उल्लेख तीनदा आला. लोक हसले. मी उठून बाहेर जाऊन उभा राहिलो. एवढी वर्षं मला वाटत होतं, लोक मला सगळं सांगतात कारण मी गप्पिष्ट आहे. प्रत्यक्षात लोक माझ्यापाशी बसायचे, हसायचे आणि घरी गेल्यावर आपली दारं नीट लावून घ्यायचे. पोलिसाला आयुष्यभर दुसऱ्याचं खोटं ओळखायला शिकवतात. समोरचा माणूस आपल्यामुळे खोटं बोलतोय का, हे तपासायला कुणी शिकवत नाही, आणि मी ते फार उशिरा, दुसऱ्याच्या मुलीवर शिकलो. आता मी गोष्टी सांगत नाही. ही शेवटची, तीही परवानगीने.

वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी मी नानांकडे गेलो होतो. ते मागच्या अंगणात खुर्चीवर बसले होते. मी बराच वेळ इकडचं तिकडचं बोललो आणि मग वर्षभर पोटात धरलेलं बाहेर काढलं.

“नाना, सोमवारी पहिल्याच फोनवर मला खरं सांगितलं असतंत तर? मी कुणाला बोललो नसतो. शपथेवर सांगतो, कुणाचं नावसुद्धा घेतलं नसतं.”

नाना माझ्याकडे न बघता म्हणाले, “पिझ्झावाल्याचंही तुम्ही नाव घेतलं नव्हतं.”